वाच्यार्थाचा मान : 'मास इफेक्ट'च्या शेवटाविषयीची एक उपपत्ती

पवित्र शास्त्राचे वाचन करणाऱ्या समाजाला 'गूढार्थ' हा शब्द नवा नाही. योना माशाच्या पोटात तीन दिवस राहिला हे वाचताना आपल्याला कबरेतील तीन दिवस आठवतात. अरण्यात पडलेल्या मान्न्याची कथा ऐकताना आपले मन वेदीवरील भाकरीकडे जाते. शब्दाच्या पोटात शब्दापलीकडचे काही असते, ही समजूत घेऊनच आपण वाचावयास शिकलो. परंतु दडलेला अर्थ शोधण्याची ही सवय कोठे थांबावी, शोधणाऱ्याने कोणते नियम पाळावेत, सापडलेला अर्थ खरा की आपल्याच इच्छेचा पडसाद, हे प्रश्नही तितकेच जुने आहेत. या प्रश्नांचे एक अलीकडचे आणि काहीसे अनपेक्षित उदाहरण आम्ही येथे तपासणार आहोत. ते कोणत्या ग्रंथातले नाही. विज्ञानकथेवर आधारलेल्या एका व्हिडिओ गेममधले आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, त्याची समीक्षा कसली, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. कादंबरीलाही एके काळी हेच ऐकून घ्यावे लागले होते आणि चित्रपटालाही. ज्या खेळाचे तिन्ही भाग पुरे करावयास शंभराच्या आसपास तास सहज खर्ची पडतात, ज्यातील पात्रांचे जगणे-मरणे खेळणाऱ्याने केलेल्या निवडींवर अवलंबून असते, आणि ज्याच्या शेवटावरून जगभरच्या तरुणांनी महिनोन्‌महिने वाद घातला, त्या खेळाकडे एक कथनात्मक कृती म्हणून पाहणे भाग आहे. आपल्या घरातील तरुण मुले ज्या कथांमध्ये इतकी रमतात, त्या कथा त्यांच्याकडून काय मागतात हे समजून घेण्यातही काही कमीपणा नाही.

कॅनडातील एडमंटन शहरी असलेल्या 'बायोवेअर' या संस्थेने 'मास इफेक्ट' ही कथात्रयी २००७, २०१० आणि २०१२ या वर्षी प्रसिद्ध केली. कथेचा काळ बाविसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. मानव आकाशगंगेतील अन्य प्रगत जातींच्या बरोबरीने वावरू लागला आहे. नायक, किंवा खेळणाऱ्याने तसे ठरविल्यास नायिका, म्हणजे कमांडर शेपर्ड. शत्रूचे नाव 'रीपर', म्हणजे कापणी करणारे. ही विचार करणारी अजस्र यंत्रे दर पन्नास हजार वर्षांनी अंतराळाच्या अंधारातून येतात, त्या काळात जितक्या जाती प्रगत झाल्या असतील तितक्यांची कापणी करतात आणि पुन्हा अंधारात निघून जातात. हे चक्र थांबविणे हे शेपर्डचे कार्य.

रीपरांचे सर्वांत भयंकर शस्त्र त्यांच्या तोफा नव्हेत. त्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्याचे मन हळूहळू त्यांच्या अधीन होते. आधी डोके दुखते, कानांत कुजबुज ऐकू येते, भास होतात. पुढे तो मनुष्य रीपरांचेच विचार आपले म्हणून मांडू लागतो, आणि आपण स्वतंत्र आहोत याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते. खेळात या प्रकाराला 'इन्डॉक्ट्रिनेशन' असे म्हटले आहे. आम्ही येथे 'वशीकरण' हा शब्द वापरू. पहिल्या भागातील प्रतिनायक सॅरेन याच वशीकरणाचा बळी आहे. देह आणि यंत्र यांचा संयोग हेच भवितव्य, असे तो सांगत राहतो. तिसऱ्या भागातील 'इल्युसिव्ह मॅन' म्हणून ओळखला जाणारा धनाढ्य कारस्थानी रीपरांवर ताबा मिळविण्याची स्वप्ने पाहतो. तोही वश झालेला आहे. दुसऱ्या भागात तर एका मृत रीपराच्या सांगाड्यात संशोधनास गेलेले शास्त्रज्ञही हळूहळू वश झाल्याचे दिसते. सॅरेन आणि इल्युसिव्ह मॅन यांच्याशी शेपर्ड नेमके बोलला, तर दोघांनाही अखेरच्या क्षणी आपल्या स्थितीची जाणीव होते आणि दोघेही स्वतःवर गोळी झाडून घेतात. हे सारे ध्यानात ठेवावयास हवे, कारण पुढचा सर्व वाद यावर उभा आहे.

आता शेवटाकडे वळू. तिसऱ्या भागाच्या आरंभी रीपर पृथ्वीवर उतरतात. व्हँकुव्हर शहराच्या विध्वंसात शेपर्डला हवेच्या झरोक्यात लपलेला एक लहान मुलगा दिसतो. तो त्याला हात देऊ पाहतो. मुलगा म्हणतो की तुम्ही माझे काही करू शकणार नाही. सहकारी अँडरसनची हाक येते, शेपर्ड मान वळवितो, आणि मुलगा नाहीसा झालेला असतो. थोड्या वेळाने तोच मुलगा एका यानात चढताना दिसतो आणि ते यान रीपरच्या माऱ्यात जळून जाते. पुढे तीन वेळा शेपर्डला त्याचे स्वप्न पडते : काळोखे रान, तेलकट सावल्या, मृत सोबत्यांचे आवाज, आणि अखेरीस ज्वाळांत वेढला जाणारा तो मुलगा. कथेच्या टोकाला लंडनच्या रणभूमीवर, आकाशातील 'सिटाडेल' या अवकाशनगरीकडे नेणाऱ्या प्रकाशझोताच्या दिशेने शेपर्ड धावत असताना हार्बिंजर नावाच्या रीपरचा किरण त्याच्यावर पडतो. तो घायाळ अवस्थेत उठतो, लडखडत वर पोहोचतो. तेथे अँडरसनचा मृत्यू होतो, इल्युसिव्ह मॅनचा अंत होतो, आणि मग रीपरांना चालविणारी बुद्धी, 'कॅटलिस्ट', त्याच्यापुढे प्रकट होते. तिने रूप घेतलेले असते त्याच मृत मुलाचे.

हे बालरूप शेपर्डपुढे तीन मार्ग ठेवते. पहिला, रीपरांचा नाश. परंतु त्याबरोबर सर्वच कृत्रिम जीव नष्ट होतील. 'गेथ' ही यंत्रजात आणि शेपर्डच्या यानातील 'ईडी' ही स्नेही यंत्रबुद्धी हे दोघेही त्यात आले. दुसरा, स्वतः मरून रीपरांवर सत्ता मिळविणे. तिसरा, आत्माहुती देऊन देह आणि यंत्र यांचे मीलन घडविणे, ज्यामुळे विश्वातील प्रत्येक जीव एका क्षणात बदलून जाईल. लाल, निळा आणि हिरवा असे या मार्गांचे रंग.

मार्च २०१२मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि चाहत्यांत संतापाची लाट उसळली. तीन भागांत केलेल्या शेकडो निवडींचे फळ म्हणून त्यांना जवळजवळ एकसारखीच तीन चित्रे, केवळ रंग बदलून, मिळाली होती. त्यांनी निषेधाच्या मोहिमेतून आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला सुमारे ८०,००० डॉलर मिळवून दिले. काहींनी लाल, निळ्या आणि हिरव्या साखरेचे थर दिलेले सुमारे ४०० कपकेक बायोवेअरच्या कचेरीत पाठविले. रंग तीन, चव मात्र एकच. संस्थेने ते निराधार तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. एखादी कलाकृती आवडली नाही म्हणून रुष्ट होणारे वाचक पूर्वीही होते. शेरलॉक होम्सला १८९३मध्ये मारणाऱ्या कॉनन डॉइल यांना पुढे त्याला परत आणावेच लागले. परंतु या वेळी रोषाच्या जोडीला आणखी एक गोष्ट जन्माला आली. काही चाहत्यांनी म्हटले : हा शेवट वाईट नाही, तो आपल्याला नीट वाचता आलेला नाही.

हीच ती वशीकरणाची उपपत्ती. तिचे म्हणणे असे की, हार्बिंजरचा किरण पडल्यानंतर जे काही दिसते ते शेपर्डच्या मनातच घडते. रीपर त्याला वश करू पाहत आहेत आणि शेवटची निवड ही त्या झटापटीची निवड आहे. मुलगा पहिल्यापासूनच भास होता. म्हणूनच यानात चढताना त्याला कोणी हात देत नाही, कोणी त्याच्याकडे पाहतही नाही. स्वप्नांतल्या तेलकट सावल्यांसारख्याच सावल्यांचे वर्णन पहिल्या भागात वशीकरणासंबंधाने आलेले आहे. किरण पडल्यावर रणांगणात झुडपे दिसू लागतात, जी आधी नव्हती आणि जी स्वप्नातल्या रानासारखी आहेत. अँडरसनला जेथे गोळी लागते तेथेच पुढे शेपर्डच्या देहावर जखम दिसते. तिन्ही भागांत सद्वर्तनाचा रंग निळा आणि कठोरपणाचा लाल राखलेला असताना, शेवटी सत्तेचा मार्ग, म्हणजे इल्युसिव्ह मॅनचा मार्ग, निळा दाखविला जातो आणि प्रामाणिक अँडरसनचा नाशाचा मार्ग लाल. मीलन हे सॅरेनचे स्वप्न होते, सत्ता हे इल्युसिव्ह मॅनचे. दोघेही वश झालेले. म्हणजे शत्रूला हवे असलेले दोन मार्ग गोड करून पुढे ठेवले आहेत आणि त्याला नको असलेला मार्ग भयंकर करून दाखविला आहे. आणि शेवटचा पुरावा : पुरेसे सैन्यबळ जमविलेल्या खेळाडूने नाशाचा मार्ग निवडला, तरच दगडामातीच्या ढिगाऱ्यात चिलखत घातलेला एक देह श्वास घेताना दिसतो. उपपत्तीच्या मते हा लंडनमध्ये शुद्धीवर येणारा शेपर्ड होय.

ही मांडणी वाचताना तिच्या बारकाव्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. एखाद्या कादंबरीकडे इतक्या जागरूकतेने पाहणारे वाचक किती लेखकांच्या वाट्याला येत असतील? तथापि कौतुक हा निवाडा नव्हे. उपपत्ती पारखण्यास आपल्या परंपरेत एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. भारतीय साहित्यशास्त्राने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्यासाठी, तीन अटी घातल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे. नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध पाहिजे. आणि तसा अर्थ घेण्यामागे रूढी किंवा प्रयोजन पाहिजे. गंगेवर गवळीवाडा वसला आहे असे म्हटले की पाण्यावर घरे राहत नाहीत, हा बाध. काठ आणि प्रवाह यांचे सान्निध्य, हा संबंध. त्या वाड्याची शीतलता आणि पावित्र्य सुचविणे, हे प्रयोजन. मराठीच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण परीक्षेसाठी पाठ केलेले असते. ते एका व्हिडिओ गेमला लावून पाहण्यास हरकत नसावी.

पहिली अट, मुख्यार्थबाध. मूळ शेवटात तो निश्चितच होता. काही क्षणांपूर्वी लंडनमध्ये शेपर्डच्या बरोबर लढणारे सोबती एकाएकी दूरच्या ग्रहावर कोसळलेल्या यानातून बाहेर पडतात; ते तेथे कसे गेले हे कोणी सांगत नाही. त्याहून गंभीर बाध वैचारिक आहे. निर्माण केलेली यंत्रे निर्मात्यांवर उलटतात हा अटळ नियम आहे, असे कॅटलिस्ट म्हणतो. परंतु याच खेळात खेळणाऱ्याने गेथ आणि त्यांचे निर्माते क्वेरियन यांच्यात समेट घडविलेला असू शकतो. ज्याने ही शांती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तो शेपर्ड कॅटलिस्टपुढे तिचा साधा उल्लेखही करीत नाही. हा मुका नायक आपला नव्हे, असे खेळणाऱ्यांना वाटले यात नवल नाही.

दुसरी अट, संबंध. येथे उपपत्ती सर्वांत बळकट आहे. वशीकरण ही बाहेरून आणलेली कल्पना नव्हे. कथेचा तो कणाच आहे. ज्या कथेत मोठमोठ्यांची मने फिरलेली आपण पाहिली, तिच्या शेवटी नायकाच्या मनावर हल्ला व्हावा हे कथेच्या स्वभावाला धरून आहे. जेफ कीली यांनी या खेळाच्या निर्मितीचा वृत्तांत २०१२मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून कळते की शेपर्ड अखेरीस रीपरांच्या ताब्यात जातो आणि खेळणाऱ्याचा त्याच्यावरील ताबा सुटतो, असा एक प्रसंग निर्मात्यांनी करून पाहिला होता. तो खेळात बसविणे अवघड गेल्यामुळे सोडून देण्यात आला. म्हणजे चाहत्यांच्या नाकाला आलेला वास अगदीच खोटा नव्हता.

तिसरी अट, प्रयोजन. आमच्या मते उपपत्ती येथे अडखळते. सर्व स्वप्न होते असे मानले तर पुढे काय? शेपर्ड ढिगाऱ्यात जागा झाला. रीपर अजून डोक्यावर उभे आहेत, युद्ध चालूच आहे, पृथ्वी जळते आहे. उपपत्ती वाईट शेवट काढून घेते, परंतु त्याच्या जागी चांगला शेवट देत नाही. ती देते एक आश्वासन : खरा शेवट मागाहून येईल. तिचे अनेक अनुयायी त्याची वाट पाहत राहिले. जून २०१२मध्ये बायोवेअरने शेवटाची विस्तृत आवृत्ती विनामूल्य दिली. तीत सोबत्यांना यानाने कसे उचलून नेले ते दाखविले, कॅटलिस्टला प्रश्न विचारण्याची सोय केली, प्रत्येक मार्गाचे परिणाम मांडले. स्वप्नाचा उल्लेख कोठेही नव्हता. ज्या बाधांवर उपपत्ती उभी होती त्यांतील बरेच दूर झाले. तरी तिच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी म्हटले की हा विस्तारही वशीकरणाचाच भाग. जी उपपत्ती अनुकूल गोष्टीने सिद्ध होते आणि प्रतिकूल गोष्टीनेही सिद्ध होते, तिने कृतीचे वाचन सोडून स्वतःचेच वाचन आरंभिलेले असते.

हा मोह आपल्या ओळखीचा आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने म्हटले होते की, शास्त्रात जेथे सरळ अर्थ अशक्य किंवा अनुचित वाटतो, तेथे देवाने मुद्दाम अडखळण मांडून ठेवलेली असते. वाचकाने तेथे थबकावे आणि खोल अर्थाकडे वळावे. चाहत्यांनी ओरिजेनचे नाव ऐकले नसेल, परंतु त्यांची रीत तीच आहे : लेखक चुकणे शक्य नाही, म्हणून जेथे चूक दिसते तेथे रहस्य असले पाहिजे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की ओरिजेनचा विश्वास शास्त्राच्या परमेश्वरावर होता. चाहत्यांचा विश्वास मुदतीत काम पुरे करू पाहणाऱ्या माणसांच्या एका संस्थेवर. माणसे थकतात, माणसांचे मतभेद होतात, माणसांना वेळ अपुरा पडतो. मानवी कृतीतील प्रत्येक भेगेत रहस्य शोधणे म्हणजे लेखकाला त्याच्या न पेलणाऱ्या सिंहासनावर बसविणे होय.

खेळाच्या लेखकवर्गातील ख्रिस हेपलर यांनी २०२१मध्ये स्पष्ट सांगितले की ही उपपत्ती संपूर्णपणे चाहत्यांची निर्मिती आहे. ती खेळात पेरण्यासाठी ज्या बैठका व्हावयास हव्या होत्या त्या कधी झाल्या नाहीत. लेखकाच्या साक्षीने वाद मिटतो असे आम्ही मानीत नाही. विमसॅट आणि बियर्ड्स्ली यांनी १९४६मध्ये लेखकहेतूच्या आधारे अर्थ ठरविण्यातील दोष दाखविला, तो आपल्या समीक्षेनेही पुष्कळ चर्चिला आहे. कृती लेखकाहून अधिक जाणू शकते. परंतु मग ते अधिक कृतीतच दिसले पाहिजे. भिंतीवरील चित्राच्या पुनरावृत्तीत किंवा न संपणाऱ्या काडतुसांत नव्हे, ज्यांचे कारण बहुधा केवळ तांत्रिक सोय असते.

तरीही आमचा मुख्य आक्षेप तर्काचा नसून नीतीचा आहे. नाशाच्या मार्गाची किंमत गेथ आणि ईडी यांच्या प्राणांनी चुकवावी लागते. हे शत्रू नव्हेत. अनेक खेळाडूंच्या कथेत ते मित्र झालेले असतात. चांगले घडावे म्हणून निरपराधांचा बळी द्यावा काय, हा प्रश्न संत पौलापासून आपल्या नीतिविचारात ठाण मांडून आहे. मीलनाच्या मार्गात कोट्यवधी जीवांचे स्वरूप त्यांना न विचारता बदलले जाते. सत्तेच्या मार्गात एका व्यक्तीच्या हाती देवासारखी शक्ती येते. तिन्ही मार्ग सदोष आहेत; खेळणाऱ्याने बटण दाबावे आणि मन खात राहावे, अशी ही रचना आहे. वशीकरणाची उपपत्ती नाशाच्या मार्गावरील रक्त एका फटकाऱ्यात पुसून टाकते : सारे स्वप्नच असेल तर कोणी मेलेच नाही. उपपत्ती लोकप्रिय होण्यात तिच्या बुद्धिचातुर्याइतकाच या दिलाशाचा वाटा असावा असे आम्हांस वाटते. जे वाचन वाचकाला निर्दोष ठरविते आणि इतर मार्ग निवडणाऱ्यांना फसलेले ठरविते, त्याच्याकडे थोडे संशयानेच पाहावे.

मग या उपपत्तीत टिकाऊ असे काहीच नाही काय? आहे, आणि ते मोलाचे आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात आत्म्यांची पारख कशी करावी याचे नियम आहेत. त्यांतील एक असा की, दुष्ट आत्मा भाविकापाशी येताना प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो; प्रथम भाविकाच्याच सद्भावनेशी जुळवून घेतो आणि हळूहळू त्याला आपल्या इच्छेकडे वळवितो. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असा सगळा ओघ तपासावा. ओघ कोठे तरी आधीपेक्षा हीन गोष्टीकडे वळत असेल, मनाची शांती हिरावून घेत असेल, तर येणारा कोण ते ओळखावे.

चाहत्यांनी नकळत हेच केले. त्यांनी तेजस्वी बालकाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. त्याचा आरंभ झरोक्यात शोधला, मध्य स्वप्नांत, आणि शेवट त्याने देऊ केलेल्या मार्गांत. हा मुलगा ज्यांच्या मरणाचे दुःख आपल्याला लावतो, त्यांना मारणाऱ्यांचाच तो स्वामी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. शेपर्डचे दुःख हेच दार. त्या दारातून शत्रू आत शिरला. विज्ञानकथेच्या आणि बंदुकांच्या गदारोळात तरुण वाचकांनी बोलणाऱ्या आवाजाची अशी पारख करावी, ही साधी गोष्ट नाही.

परंतु या पारखीसाठी सर्व काही स्वप्न मानण्याची गरजच नव्हती. संत थॉमस अक्वायनस यांनी ओरिजेनच्या परंपरेला एक लगाम घातला होता : श्रद्धेला आवश्यक असे जे काही गूढार्थात आढळते, ते शास्त्रात अन्यत्र कोठे तरी सरळ शब्दांत सांगितलेले असतेच. हा नियम येथे लावून पाहा. आपण रीपरांना चालवितो हे कॅटलिस्ट स्वतःच सांगतो. ऑगस्ट २०१२मध्ये आलेल्या 'लेव्हायथन' या पुरवणीत तर उघडच दाखविले आहे की, ही बुद्धी ज्यांनी जीवरक्षणासाठी निर्माण केली, त्यांच्याच कापणीने तिने आपल्या कार्यास आरंभ केला आणि पहिला रीपर त्यांच्याच रूपात घडविला. म्हणजे बालकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न कथेच्या पृष्ठभागावरच आहे. उपपत्तीने जो खजिना जमिनीखाली शोधला तो अंगणातच पडलेला होता.

याची साक्ष विस्तृत आवृत्तीतच मिळते. तीत एक चौथा मार्ग आला : नकार. शेपर्ड बालकाला सांगू शकतो की तुझ्या अटींवर मला काहीही नको. त्या क्षणी बालकाचा आवाज बदलतो, घोगरा आणि करडा होतो, आणि प्रकाश मावळतो. अरण्यातील तीन मोहांची कथा जाणणाऱ्या वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मात्र येथे देवदूत सेवेस येत नाहीत. रीपर जिंकतात, शेपर्ड, त्याचे सोबती, सारे जग त्या चक्रात नष्ट होते. परंतु लियारा या सहकारिणीने सर्व माहिती साठविलेल्या पेट्या अनेक ग्रहांवर पुरून ठेविलेल्या असतात. त्या पुढच्या युगातील जातींच्या हाती लागतात, आणि ते चक्र मोडतात. पेरणाऱ्याला पीक पाहता येत नाही. हा शेवट अनेक चाहत्यांना शिक्षा वाटला. आमच्या मते संपूर्ण त्रयीत एवढा प्रामाणिक शेवट दुसरा नाही, कारण त्यात पारखीला किंमत आहे. स्वप्नातून जागे होणाऱ्या शेपर्डला मोहाला नाही म्हटल्याचे बक्षीस मिळते. नकार देणाऱ्या शेपर्डला काहीही मिळत नाही, आणि तरीही तो नाही म्हणतो.

येथे आपल्याच मंडळींना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'शेपर्ड' हे नाव ऐकताच ख्रिस्ती वाचकाच्या मनात उत्तम मेंढपाळाची प्रतिमा उभी राहील. आत्माहुती, तीन मोह, ढिगाऱ्यातून परत आलेला श्वास अशी सामग्रीही हाताशी आहे. परंतु हे नाव अंतराळात गेलेले पहिले अमेरिकी, ॲलन शेपर्ड, यांच्यावरून घेतलेले आहे. खेळाच्या अगदी शेवटी, दूरच्या भविष्यात, एक वृद्ध एका लहान मुलाला शेपर्डची कथा सांगताना दिसतो. त्याला आवाज दिला आहे चंद्रावर पाऊल ठेवणारे दुसरे मानव, बझ ऑल्ड्रिन यांनी. या कृतीचे वंदन अंतराळवीरांना आहे. तिला शुभवर्तमानाची रूपककथा ठरविणे म्हणजे चाहत्यांचा दोष आपण वेगळ्या वेषात करणे होय. साम्य दिसले तर सांगावे. साम्याला हेतू म्हणू नये.

त्या वृद्धाच्या तोंडी एक कबुली आहे : काळाच्या ओघात कथेतील काही तपशील हरवले आहेत. मुलगा मात्र आणखी एक गोष्ट मागतो, आणि वृद्ध ती सांगावयास तयार होतो. हरवलेल्या तपशिलांच्या जागी आपल्याला हवे ते भरण्याचा मोह प्रत्येक सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला होतो. वशीकरणाच्या उपपत्तीने तो मोठ्या प्रतिभेने केला, आणि त्या भरात बोलणाऱ्या आवाजाची पारख करावयास एका पिढीला शिकविले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि गूढार्थ हा वाच्यार्थाच्या खांद्यावर उभा राहतो, त्याला आडवा पाडून नव्हे. जे लिहिले आहे ते आधी पुरते वाचावे, त्यातील दोषांना दोष म्हणावे, त्यातील वेदना स्वप्न म्हणून झटकून टाकू नये; आणि मग, शिल्लक राहिलेल्या जागी, अधिक काही ऐकू येते काय ते शांतपणे ऐकावे.